हिवाळ्याआधीची बाग: नाजूक झाडं, कंद आणि कुंड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस आखडायला लागले, पहाटे खिडकीच्या काचेवर बाष्प धरायला लागलं की तेच ते प्रश्न सुरू होतात. जास्वंद आत कधी घ्यायची? डेलियाचे कंद काढायचे की जमिनीतच राहू द्यायचे? लिंबाची सगळी पानं गळाली, आता काय? खालची उत्तरं हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो अशा ठिकाणच्या घरच्या बागेसाठी आहेत. महिन्यांची नावं शक्यतो टाळली आहेत. उत्तर गोलार्धात ही कामं साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात येतात, दक्षिणेत मार्च ते मे. पण एकाच गल्लीतल्या दोन अंगणांतही आठ-दहा दिवसांचा फरक पडतो, तेव्हा कॅलेंडरपेक्षा थर्मामीटर बघा. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

नाजूक झाड म्हणायचं तरी कोणाला?

जे झाड तुमच्याकडचा हिवाळा उघड्यावर काढू शकत नाही ते नाजूक. यात दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की घोळ होतो.

पहिली तऱ्हा, गोठल्यावर मरणाऱ्यांची. डेलिया, कर्दळ, जिरेनियम, फुशिया, लिंबू. ही झाडं पाच-सहा अंशांत कुरकुरत का होईना, पण राहतात. पानात बर्फ धरला की मात्र संपलं. हा बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो आणि पेशीतलं पाणी ओढून घेतो. पेशी आतून कोरडी पडते, तिचं आवरण फाटतं. म्हणून सकाळी ऊन लागल्यावर पान उकडलेल्या भाजीसारखं लिबलिबीत आणि पारदर्शक दिसतं, आणि दुपारपर्यंत काळं पडतं.

दुसरी तऱ्हा गोठायचीही वाट न पाहणाऱ्यांची. तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता ही सगळी मंडळी मूळची उष्ण प्रदेशातली. दहा-बारा अंशांच्या खाली रात्री जाऊ लागल्या की यांचं काम बिघडायला लागतं. बर्फाचा कण नसतानाही तुळशीची पानं डागाळतात, काळी पडतात. ‘अजून थंडी कुठे पडलीय?’ म्हणून बाहेर ठेवलेली तुळस याच दिवसांत जाते.

मग आत घ्यायची वेळ कोणती? नेमका आकडा सांगा.

रात्रीचं तापमान सलग १२ अंशांच्या आसपास यायला लागलं की दुसऱ्या तऱ्हेची झाडं आत. ५ अंशांच्या आसपास लिंबू, जिरेनियम, फुशिया, बोगनवेल. डेलिया आणि कर्दळ जमिनीत असतील तर घाई नको, त्यांना गोठणाऱ्या थंडीचा पहिला फटका बसू द्या (कारण पुढे येईल).

एक मेख लक्षात ठेवा. हवामानाच्या अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि गवताच्या पातळीवर हवा त्याहून कितीतरी थंड होते. त्यामुळे अंदाजात ३ अंश असले तरी सकाळी गवतावर दव गोठलेलं दिसू शकतं. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. बागेतला सर्वात खालचा कोपरा आणि भिंतीलगतचा कोपरा यांत म्हणूनच आठवड्याचा फरक पडतो. दहा मिनिटं काढून एक साधा थर्मामीटर कुंड्यांच्याच उंचीवर टांगा. बागेची खरी माहिती तोच देईल.

इतकी झाडं घरात मावणार कशी?

मावणार नाहीत, आणि मावायची गरजही नाही. माझ्या मते या ऋतूतलं खरं काम म्हणजे यादी करणं: कोणाला झोपवायचं, कोणाला डुलकी काढू द्यायची आणि कोणाला जागं ठेवायचं.

झोपणारे म्हणजे कंदवाले. यांना उजेड लागत नाही, जागा खोक्याएवढी लागते. डुलकी काढणारे म्हणजे फुशिया, बोगनवेल, जिरेनियम, चाफा. यांना ५ ते १० अंशांची न गोठणारी खोली मिळाली की पानं टाकून ते निवांत पडून राहतात. गॅरेज, जिन्याखालची जागा, बंद व्हरांडा, काहीही चालतं. पानं नसतील तर अंधारही चालतो. जागे राहणारे मात्र थोडेच असतात. तुळस, मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता. घरातली उजेडाची खिडकी फक्त यांच्यासाठी राखा.

बहुतेकांची चूक अशी की सगळीच झाडं बैठकीच्या खोलीत आणून सगळ्यांनाच जागं ठेवायचं. २२ अंशांची ऊब आणि हिवाळ्यातला अंधुक उजेड या जोडीत झाड वाढायला बघतं आणि वाढ होते ती पांढुरकी, लांबुडकी, पहिल्या माव्याला बळी पडणारी. त्यापेक्षा गार खोलीत उपाशी झोपलेलं झाड वसंतात जास्त जोमाने उठतं.

आणि काही झाडं जाऊ द्यायची. झेंडू, झिनिया, पेटुनिया यांचं बी धरा आणि रोप उपटून कंपोस्टमध्ये टाका. मोठी, कुंडीत न मावणारी झाडं असतील तर त्यांच्या काड्या लावून पोरं वाचवा, आईला सोडून द्या. पहिल्या वर्षी जिवावर येतं, दुसऱ्या वर्षी सवय होते.

आत आणण्याआधी झाडाची काय तयारी करायची?

एका दिवसात उचलून आणू नका. आठ-दहा दिवस आधी सावलीच्या, आडोशाच्या जागी हलवा, म्हणजे कमी उजेडाची सवय लागते.

याच दिवसांत किडींची झडती घ्या. झडती म्हणजे वरून नजर टाकणं नव्हे. झाड आडवं करा, पान उलटं करा, शिरेच्या बेचक्यात बघा. कापसाचा बारीक पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. काडीला चिकटलेला तपकिरी फोड नखाने खरवडला आणि निघाला, तर ती खवले कीड. पानावर पांढरट बारीक ठिपके आणि शेंड्याला कोळिष्टकासारखे तंतू असतील तर लाल कोळी. पांढरा कागद फांदीखाली धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की शंका उरत नाही. बाहेर या सगळ्यांना खाणारे किडे असतात, पाऊस असतो. घरातल्या कोरड्या उबेत लाल कोळ्याला रान मोकळं.

उपाय साधाच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवायची, मग सौम्य साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. एकदा फवारून भागत नाही, कारण अंडी वाचतात. कुंडीत मुंग्या किंवा गांडुळं असतील तर कुंडी काठापर्यंत पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवा, बाहेर येतात. नंतर पूर्ण निथळू द्या.

आत आणल्यावर पानं पिवळी पडून गळतायत. झाड मरतंय का?

बहुधा नाही. बाहेरच्या उजेडात वाढलेली पानं आतल्या उजेडात तोट्याचा धंदा करतात, म्हणून झाड ती टाकतं. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. खिडकीपासून दोन पावलं मागे गेलं तरी उजेड झपाट्याने उतरतो. कुंडी अगदी काचेजवळ ठेवा, काच पुसून घ्या (हा उपाय फुकट आहे आणि कोणी करत नाही) आणि तरीही कमी पडलं तर दिवसाला १२ तासांचा एलईडी दिवा द्या. पानं काचेला टेकू देऊ नका, रात्री काच बाहेरच्याइतकीच गार होते.

लिंबाची गोष्ट थोडी वेगळी. उन्हाच्या खिडकीत लिंबू ठेवलं, पानं तापली, पण कुंडी थंडगार फरशीवर. गार मातीत लिंबाची मुळं पाणी ओढणं जवळपास थांबवतात आणि वर पानं पाणी मागत असतात. शेवटी झाड मागणारेच कमी करतं, दोन-तीन दिवसांत पानांचा सडा पडतो. घाबरून आपण पाणी ओततो आणि मग मुळं कुजतात. उपाय दोन: कुंडीखाली लाकडाची फळी किंवा थर्माकोल देऊन माती थोडी उबदार ठेवा, नाहीतर झाडच ५ ते १० अंशांच्या उजेडाच्या खोलीत हलवा, म्हणजे वरही गार आणि खालीही गार.

दुसरा उपाय फार जुना आहे. व्हर्सायच्या राजवाड्यातली संत्र्यांच्या झाडांसाठीची ऑरेंजरी १६८४ ते १६८६ मध्ये बांधली गेली. दक्षिणेकडे तोंड, जाड भिंती, मोठाल्या खिडक्या. शेकोटी न पेटवता संत्री तिथे हिवाळा काढत. आपल्याकडे राजवाडा नसला तरी न तापवलेली, उजेडाची एखादी खोली असते.

हिवाळ्यात पाणी किती घालायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्याहून कमी. घरात आणलेली झाडं थंडीने कमी आणि झारीने जास्त मरतात. उन्हाळ्याची ‘दर दोन दिवसांनी’ ही सवय हिवाळ्यात विषासारखी.

वार लावून पाणी घालू नका. कुंडी उचलून पाहा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि सुकल्यावर किती हलकी, हे हाताला दोनदा कळलं की पुन्हा बोट खुपसायचीही गरज पडत नाही. जड कुंडी असेल तर बोट दोन पेरं आत घाला. गार, दमट लागलं तर परत फिरा. बागाईतदार बहार धरायला झाडाला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, तोच हा ताण समजा. डुलकी काढणाऱ्या झाडांना तीन-चार आठवड्यांतून एकदा, माती अगदीच धूळ होऊ नये इतपत घोटभर पाणी. जाग्या झाडांना वरची माती सुकल्यावर, खोलीच्या तापमानाचं, आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून द्यायचं. पानं मलूल आणि माती ओली अशी जोडी दिसली तर तहान नव्हे, मूळकूज आहे. पाणी तोडा.

खत द्यायचं का?

नाही. उन्हाळा संपताच नत्राचं खत थांबवायचं. आता दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि तीच आधी जळते. वसंतात नवी पालवी दिसली की सुरू करा.

डेलियाचे कंद काढायचे कसे आणि ठेवायचे कुठे?

जमीन वीतभर खोल गोठत नसेल आणि पाण्याचा निचरा चांगला असेल तर वर पाचोळ्याचा जाड थर टाकून कंद जमिनीत राहू शकतात. चिकणमाती असेल तर काढा. ओली थंडी कंदाला कोरड्या थंडीपेक्षा वाईट.

पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनंतर पानं काळी पडतात. ते दृश्य वाईट असतं, पण ती कंदाला मिळालेली सूचना आहे. त्याआधीचे दिवस अत्यंत मोलाचे, कारण दिवस लहान होताना डेलिया कंदात साठा भरत असते. म्हणून पान हिरवं असताना काढू नका. काळं पडल्यावर खोड १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि जमल्यास आठवडाभर कंद जमिनीतच राहू द्या, डोळे (कोंब फुटायच्या जागा) थोडे ठळक होतात. मात्र जमीनच गोठणार असेल तर थांबू नका.

आता खणणं. खोडापासून हातभर लांबून, चारही बाजूंनी बागकामाचा दातेरी काटा घालून माती सैल करा आणि मग खालून उचला. खोडाला धरून उपटलंत तर कंदांच्या माना मोडतात, आणि मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी पुढच्या वर्षी उगवत नाही. डोळे कंदावर नसतात, ते मान जिथे जुन्या खोडाला मिळते त्या गळ्यापाशी असतात. बटाट्यासारखं कुठूनही फुटेल ही समजूत काढून टाका.

डेलियाचं खोड पोकळ असतं. कापलेल्या टोकातून पाणी आत साचतं आणि गळ्यापाशी सड सुरू होते. म्हणून कंद उलटे, खोड खाली करून तीन-चार दिवस वाऱ्याला ठेवा. माती झटका. धुवायचे तर धुवा, पण मग पूर्ण सुकवा. नंतर खोक्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा वर्मिक्युलाइट (हलकं, फुगवलेलं खनिज) किंचित दमट करून त्यात एकमेकांना न टेकता रचा. किंचित दमट म्हणजे मुठीत दाबलं तर गोळा होऊ नये. जागा ४ ते १० अंशांची, अंधारी.

माझ्या पहिल्या वर्षीचे कंद मी प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट गाठ मारून कपाटात ठेवले होते. दोन महिन्यांनी वासावरूनच कळलं. एका पिशवीत हात घातला तर बोटं सरळ आत गेली, वर साल आणि आत काला. तेव्हापासून पिशवी असेल तर कागदाची, खोकं असेल तर भोकं पाडलेलं. आणि नावं लिहायची ती पेन्सिलीने. शाईच्या पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या दमटपणात पुसून गेल्या आणि पुढच्या वर्षी लालच्या जागी जांभळा, पिवळ्याच्या जागी पांढरा, असा सगळा गोंधळ फुलला. तसा वाईट नव्हता दिसत.

कर्दळ, ग्लॅडिओलस, बेगोनिया, अळू यांनाही हीच पद्धत?

थोडी थोडी वेगळी. कर्दळीचे गड्डे पूर्ण सुकले तर मरतात, त्यामुळे त्यांना अंगची थोडी माती ठेवून, डेलियापेक्षा जरा जास्त दमट आणि ७ ते १० अंशांत ठेवा. ग्लॅडिओलस उलट, त्याला खडखडीत कोरडं लागतं. पान पिवळं पडल्यावर काढा, दोन-तीन आठवडे उबदार हवेशीर जागी वाळवा. मग नव्या कंदाखाली चिकटलेला जुना, सुरकुतलेला कंद अंगठ्याने सहज सुटतो. तो फेकून द्या, नवा जाळीच्या पिशवीत टांगा. बेगोनियाचा कंद कोरड्या कोकोपीटमध्ये, आणि लावताना खोलगट बाजू वर, हे आत्ताच चिठ्ठीवर लिहून ठेवा. अळू या सगळ्यांत थंडीला भित्रं. दहा अंशांच्या खाली नको.

जिरेनियम दरवर्षी नवीन आणावं लागतं. वाचवता येत नाही का?

येतं, आणि तीन वाटांनी. जागा असेल तर तिसरा हिस्सा ठेवून छाटा आणि कुंडीसकट गार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. पाणी जेमतेम.

जागा नसेल तर मुळांची माती झाडून रोप कागदी पिशवीत घाला किंवा उलटं टांगा, अंधाऱ्या, ७ ते १० अंशांच्या जागी. महिन्यातून एकदा मुळं तास-दोन तास पाण्यात भिजवून परत टांगायची. खोड सुरकुततं, पानं झडतात, मेल्यासारखं दिसतं. खोड आतून हिरवं आणि घट्ट असेल तोवर काळजी नाही. सगळीच रोपं यातून तरत नाहीत हेही सांगून ठेवते.

तिसरी वाट मला सर्वात आवडते: काड्या. फुलं न आलेली ८ ते १० सेंटिमीटरची शेंड्याची काडी, पेराच्या लगेच खाली धारदार कापलेली. खालची पानं काढा आणि काडी काही तास तशीच उघडी पडू द्या, जखम सुकली पाहिजे. मग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) मिसळलेल्या हलक्या मातीत खोचा. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका. बाकीच्या काड्यांना ती उपयोगी, जिरेनियमच्या काडीला बुडाशी काळी सड आणते.

कढीपत्त्याचा खराटा झालाय.

होतो. गार घरात कढीपत्ता अर्धवट झोपी जातो, पानं पिवळी पडून गळतात. खोडाला नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. सर्वात उजेडाची जागा द्या, पाणी कमी करा, खत अजिबात देऊ नका, हीटरच्या झोतातून हलवा. पालवी फुटायची ती दिवस मोठे झाल्यावरच. त्याआधी ‘लोह कमी असेल, ताक घालू का’ असले प्रयोग नकोत.

केळ आणि इतर मोठी झाडं जमिनीतच आहेत. ती कशी वाचवायची?

पहिल्या फटक्यानंतर केळीची पानं कापून टाका. खोडाभोवती जाळीचा पिंजरा उभा करून त्यात सुका पेंढा किंवा वाळलेला पाचोळा ठासून भरा. वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकण हवं, बाजूंनी मात्र हवा खेळू द्या. पेंढा ओला झाला की पांघरूण न राहता कुजवणारी पट्टी होतो. खोड गेलं तरी बुडाचा गड्डा वाचला तर नवा फुटवा येतो, म्हणून बुडावर ढीग जास्त.

आज रात्री अचानक गोठणार आहे आणि मला आत्ता कळलं. काय करू?

सूर्य मावळायच्या आत तीन कामं. कुंड्या भिंतीला चिकटवून एकत्र करा. वाफ्यातली माती कोरडी असेल तर पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्रभर सोडते. मग जुनी चादर, गोणपाट किंवा बागकामाचं हलकं पांढरं कापड झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडा आणि कडा दगडांनी दाबा. झाडाच्या माथ्याला फडकं गुंडाळून काही होत नाही, ऊब खालून मातीतून यायची असते. प्लास्टिक वापरलंच तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकलेली पानं नेमकी जळतात. सकाळी पारा वर आला की काढून टाका.

बारमाही, कणखर झाडं कुंडीत आहेत. त्यांना थंडीची भीती नाही ना?

आहे. झाडाच्या फांद्या जितकी थंडी सोसतात तितकी मुळं सोसत नाहीत. जमिनीत मातीचं पांघरूण असतं, कुंडीत थंडी चारही बाजूंनी येते. म्हणून जमिनीत निवांत राहणारं झाड कुंडीत दगावू शकतं. फोड्यांचं प्लास्टिक (बबल रॅप) किंवा गोणपाट झाडाला नव्हे, कुंडीला गुंडाळा. कुंडी विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालचं भोक तुंबत नाही. मातीच्या कुंड्यांना वेगळा धोका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि भाजलेल्या मातीच्या छिद्रांत शिरलेलं पाणी कुंडीचे पापुद्रे काढतं नाहीतर उभी चीर पाडतं. रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून कोरड्या जागी. बागेतला नळ आणि पाइप यांतलं पाणीही याच कारणाने काढून टाका.

पालापाचोळा गोळा करायचा की पडू द्यायचा?

हिरवळीवरचा उचला, जाड ओला थर खालचं गवत गुदमरवतो. वाफ्यांतला राहू द्या, ते फुकटचं आच्छादन आहे. उचललेला पाचोळा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून, भिजवून एका कोपऱ्यात विसरून जा. वर्ष-दोन वर्षांत काळं, भुसभुशीत, पावसाळी जंगलाच्या वासाचं खत हाती येतं. बुरशीच हे काम करते, म्हणून कंपोस्टसारखं उलथापालथ करत बसावं लागत नाही. अपवाद रोगट पानांचा. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पानं वेचून बागेबाहेर घालवा, त्यांतून रोग पुढच्या वर्षी परत येतो.

वाळलेली सगळी खोडंही सफाचट करू नका. पोकळ देठांत किडे थंडी काढतात, बियांवर पक्षी येतात. बाग चार महिने जरा अजागळ दिसली तर दिसू द्या.

सगळीकडे छाटणी करून टाकू का? वेळ आहे म्हणून विचारतेय.

वेळ आहे हे छाटणीचं कारण होऊ शकत नाही. वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या कळ्या आत्ताच काडीवर तयार आहेत, छाटलंत तर फुलंच कापलीत. आलुबुखार आणि चेरी आता मुळीच नाही, थंड दमट दिवसांत कापलेल्या जागेतून रूपेरी पानांचा रोग शिरतो. त्यांची छाटणी उन्हाळ्यातली. उंच गुलाब वाऱ्याने हलून मुळं सैल होऊ नयेत म्हणून तिसरा हिस्सा कमी करा, खरी छाटणी हिवाळा सरताना. मेलेली, मोडलेली फांदी मात्र कधीही काढा.

वसंतात फुलणारे कंद आत्ताच लावायचे का?

हो, हे एकच काम थंडीच्या बाजूने आहे. ट्यूलिपला फुलण्यासाठी १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागतेच. डॅफोडिल आणि क्रोकस ऋतूच्या सुरुवातीला, ट्यूलिप सर्वात शेवटी, माती चांगली गार झाल्यावर, म्हणजे बुरशीचा त्रास कमी होतो. खोली कंदाच्या उंचीच्या अडीच-तीन पट, टोक वर.

एका रात्रीत शेंडे काळे पडले. कापून टाकू?

थांबा. काळे शेंडे कुरूप दिसतात, पण खालच्या जिवंत भागाला तेवढाच आडोसा. आता कापलं तर झाड नवी फूट काढू पाहील आणि तीही जळेल. आत आणलेल्या कुंडीतलं असेल तर लिबलिबीत झालेला भाग तेवढा काढा, त्यावर बुरशी धरते. बाहेरच्याला वसंतापर्यंत हात लावू नका. तेव्हा वरून खाली नखाने खरवडत या आणि हिरवं लागेल तिथे कापा.

ठेवलेले कंद मधे बघावे लागतात का?

महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. प्रत्येक कंद हातात घेऊन दाबा. घट्ट असेल तर परत ठेवा. सुरकुतला असेल तर भुशावर पाण्याचा एक फवारा. एखादा कोपरा मऊ झाला असेल तर धारदार सुरीने घट्ट पांढऱ्या गरापर्यंत कापा, जखम दोन दिवस सुकू द्या आणि वेगळा ठेवा. पूर्ण मऊ झालेला लगेच काढा, शेजाऱ्याला लागण होते. गळ्यापाशी गुलाबी किंवा हिरवट फोडासारखं काही उठलेलं दिसलं तर तो डोळा. हिवाळा अर्धाही सरला नसताना डोळे फुटून लांब व्हायला लागले तर जागा फार उबदार आहे, खोकं भिंतीच्या गार बाजूला, जमिनीलगत सरकवा.